‘मुरगळलाय’ म्हणून घरी पाठवण्याआधी पेशंटला उभं करून पायाचा एक्स-रे फोटो काढा

प्रति,
राज्यातील अस्थिरोगतज्ज्ञ, अपघात विभागात ड्युटीवर असणारे डॉक्टर, फॅमिली डॉक्टर आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक यांस,

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनच्या तोंडावर शाळेचे गणवेश, लग्नसराईत नवरीकडच्या सगळ्या बायकांचे ब्लाउज एकदम. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हेच काम आहे आणि घराचा निम्मा खर्च त्यावर चालतो. माझा उजवा पाय रोज दुखतो. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना दुखतो, संध्याकाळी सुजतो आणि रात्री आग होते. हे दुखणं आता जन्माचं आहे असं मला स्पष्ट सांगण्यात आलं आहे. ज्या दिवशी पाय दुखावला त्या दिवशी त्याच्या मधल्या सांध्यातली हाडं धरून ठेवणारे बंध तुटलेले होते, आणि मला ‘मुरगळलाय, आठ दिवसांत चालायला लागाल’ असं सांगून घरी पाठवलं गेलं.

हे पत्र आजच लिहायला कारण घडलं. मी त्या रुग्णालयाकडे लेखी तक्रार दिली होती. पैसे मागितले नव्हते, कोर्टात जाईन असंही म्हटलं नव्हतं. पुढच्या पेशंटच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून काय करणार, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं ते तीन वाक्यांचं. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर आढळलं नव्हतं. प्रचलित पद्धतीप्रमाणे उपचार करण्यात आले. रुग्णाने नियमित फॉलोअप घेतला नाही. पहिली दोन वाक्यं मी समजून घेतली असती. तिसरं खोटं आहे. मी परत परत गेले होते आणि माझ्या केस पेपरवर त्या त्या तारखांचे शिक्के आहेत.

रुग्णालयाचं आणि डॉक्टरांचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांनी मला पहिल्यांदा तपासलं ते तरुण होते, त्या रात्री एकटे होते आणि बाहेर व्हरांड्यात माणसं जमिनीवर बसलेली होती. त्यांच्याविरुद्ध माझ्या मनात राग नाही. पण त्या एका रात्रीनंतर मी ज्या ज्या खुर्चीसमोर बसले, तिथं प्रत्येक वेळी तेच होत गेलं, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

झालं असं. पावसाचे दिवस होते. एसटीतून उतरताना माझा पाय शेवटच्या पायरीवरून घसरला. चवडा खालच्या खड्ड्यात अडकला, टाच वर राहिली आणि अंगाचा सगळा भार त्या वाकलेल्या पावलावर आला. आतून काहीतरी सुटल्यासारखा आवाज मला ऐकू आला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत पाऊल सुजून चपलेच्या पट्ट्यात मावेना. मला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं, टेबलावर झोपवून दोन फोटो काढले, डॉक्टरांनी ते उजेडाकडे धरून पाहिले आणि फ्रॅक्चर नाही म्हणाले. क्रेप बँडेज, दुखणं थांबायच्या गोळ्या आणि गरम-गार पाण्याचा शेक. मला पाय टेकता येतो का, चार पावलं टाकता येतात का, हे कोणी विचारलं नाही. पायाच्या किंवा घोट्याच्या दुखापतीत चार पावलं टाकता येतात का हे पाहायचं, ही गोष्ट १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी नियम म्हणून लिहून ठेवली आणि ती जगभर शिकवली जाते. ती करायला यंत्र लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बँडेज सोडलं तेव्हा तळव्याच्या मधोमध काळंनिळं झालेलं दिसलं. पावलाच्या वर सूज असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तळव्याला असा डाग आम्ही पहिल्यांदाच पाहिला. आम्ही तो दाखवायला गेलो. ‘रक्त खाली उतरतं, जाईल’ असं उत्तर मिळालं. पावलाच्या मधोमध दुखणं आणि तळव्याला रक्त साकळलेलं, ही या इजेची ठळक खूण मानतात, हे मला फार उशिरा कळलं. अस्थिरोगशास्त्राच्या पुस्तकांत ते लिहिलेलं आहे. तुम्ही ते वाचलेलं आहे.

या इजेला लिसफ्रँक इजा म्हणतात. नेपोलियनच्या काळातल्या जाक लिसफ्रँक या फ्रेंच सर्जनचं नाव पायाच्या मधल्या त्या सांध्याला मिळालं, कारण पाऊल कापावं लागलं तर ते तिथून कसं कापायचं हे त्याने सांगितलं होतं. पायात २६ हाडं असतात. अंगठ्याशेजारच्या बोटाचं लांब हाड मागच्या बाजूला तीन लहान हाडांच्या खाचेत घट्ट बसलेलं असतं आणि दगडी कमानीतल्या मधल्या दगडासारखं ते सगळी कमान धरून ठेवतं. त्या हाडाच्या मुळापासून आतल्या बाजूच्या लहान हाडाकडे एक जाड बंध जातो. अंगठ्याचं आणि त्याच्या शेजारचं लांब हाड यांच्या मुळांना एकमेकांशी बांधणारा दुसरा असा बंध निसर्गाने दिलेलाच नाही. तो एक बंध तुटला की दोन्ही हाडं भार पडल्यावर एकमेकांपासून सरकतात. भार नसेल तर पुन्हा जागेवर येऊन बसतात. म्हणून टेबलावर झोपवून काढलेल्या फोटोत सगळं ठीक दिसू शकतं आणि त्याच माणसाला उभं केलं की फट दिसते. दोन मिलीमीटरहून जास्त फट दिसली तर तिला क्षुल्लक समजायचं नाही. दोन मिलीमीटर म्हणजे ब्लाउजच्या गळ्याला मी जी दुसरी शिलाई मारते ती आणि पहिली शिलाई यांच्यातलं अंतर. एवढ्याने गळा ओढला जातो हे मला माहीत आहे. एवढ्याने पाय जातो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ही इजा विरळ आहे, हे मान्य. पण ती पहिल्या तपासणीत हुकते हेही वैद्यकीय पुस्तकांत सर्रास लिहिलेलं आहे, आणि हुकणाऱ्या इजांचं प्रमाण सुमारे २० टक्के सांगतात. म्हणजे पाचातला एक पेशंट. जी गोष्ट हुकते असं शिकवलं जातं, ती हुकू नये म्हणून कॅज्युअल्टीत काय व्यवस्था आहे, हा माझा प्रश्न आहे.

आता नंतरचं सांगते, कारण माझं खरं नुकसान तिथं झालं.

आठ दिवसांत चालायला लागाल म्हटल्यावर मी चालायला लागले. लंगडत, भिंतीला धरून, पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून पाय टेकवत राहिले. मशीनवरही बसले. पायमशीन कसं चालतं हे तुमच्यापैकी पुष्कळांनी आईला किंवा आजीला पाहून ठाऊक असेल. टाच दाबायची, चवडा दाबायचा, पुन्हा टाच, पुन्हा चवडा. पायडलचा सगळा जोर पावलाच्या मधून जातो. बरोबर त्याच सांध्यातून, जो सुटलेला होता. बंध तुटलेल्या पायाला पहिले काही आठवडे भार अजिबात द्यायचा नसतो. हाडं सरकलेली नसतील तर साधारण सहा आठवडे प्लास्टर, सरकलेली असतील तर स्क्रू किंवा प्लेट घालून ती जागेवर धरायची. मी त्याच आठवड्यांत गणवेश शिवत होते.

दुखणं थांबेना म्हणून परत गेले. या वेळी फोटोत टाचेच्या हाडाला पुढे आलेलं टोक दिसलं. ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं निदान झालं. माझी टाच दुखत नव्हती. मी बोट ठेवून दाखवलं, पावलाच्या वर, चपलेचा पट्टा येतो तिथं. टाचेत इंजेक्शन दिलं गेलं. टाचेचं असं वाढलेलं हाड काहीही त्रास नसलेल्या कितीतरी माणसांच्या फोटोत सापडतं, हे तुम्हीच आम्हाला सांगता. मग फोटोत जे दिसलं त्यावर इलाज झाला आणि पेशंटचं बोट जिथं होतं ती जागा तशीच राहिली, याला काय म्हणायचं?

पुढे युरिक ॲसिड थोडं वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या, डाळी बंद, पालक-टोमॅटो बंद. कोणी कॅल्शियम कमी असेल म्हणालं. कोणी वजन कमी करा म्हणालं. पाय टेकता येत नाही त्या बाईने वजन कसं कमी करायचं हे सांगितलं नाही. पाळी जायचं वय झालंय, या वयात बायकांचं अंग दुखतंच, असंही ऐकलं. एका ठिकाणी डॉक्टरांनी माझ्याशी न बोलता नवऱ्याला विचारलं, घरात काही टेन्शन आहे का. मी तिथंच समोर बसले होते. दुखणं माझं होतं, ते कुठून सुरू झालं हे मला ठाऊक होतं आणि ते एसटीच्या पायरीवरून सुरू झालं होतं, घरातल्या टेन्शनवरून नाही. केस पेपरवर मात्र अपघाताचा उल्लेख दुसऱ्या पानापासून पुढे कुठंच नाही. प्रत्येक नव्या पानावर नुसतं ‘पाय दुखणे’.

शेवटी शेजारणीच्या दिराने मिरजेला नेलं. मिरज आमच्याकडचं दवाखान्यांचं गाव, तिथं जायला आम्हाला कारण लागत नाही, पण तोवर मीही मनातून खचले होते आणि आपल्यालाच सहन होत नाही असं वाटू लागलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी आधी दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. उजव्या पायाची कमान बसलेली होती आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. घरातल्या कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मग दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करून फोटो काढला. त्याच प्रकारच्या मशीनवर, तितक्याच पैशांत. फट दिसली. सिटी स्कॅनमध्ये सांधा झिजलेला दिसला. त्या डॉक्टरांनी फोटो माझ्यासमोर धरला आणि पेनने दाखवलं, ही डावी बाजू, ही उजवी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला माझा पाय समजावून सांगितला.

तोवर सांधा वाचवायची वेळ गेली होती. हाडं एकमेकांना जोडून टाकायची शस्त्रक्रिया करावी लागली. तिच्यामुळे दुखणं कमी झालं, गेलं नाही. पहिल्या दिवशी बरोबर निदान झालं असतं तर पाय अगदी पूर्वीसारखा झाला असता, असा माझा दावा नाही. वेळेत उपचार होऊनही त्या सांध्यात पुढे झीज होऊ शकते, हे मला मिरजेच्या डॉक्टरांनीच सांगितलं. पण ती संधी माझ्या पायाला मिळायला हवी होती, ती मिळाली नाही.

आता रोजचं जगणं कसं आहे तेही सांगते, कारण ‘थोडा त्रास राहील’ या शब्दांत ते मावत नाही.

घरात अनवाणी चालायचं नाही, असं मला सांगितलं आहे. कडक तळव्याची, पुढून गोलसर उचललेली चप्पल सतत पायात हवी. आमच्या घरात स्वयंपाकघरात चप्पल कधी आली नव्हती. सासूबाईंनी स्वतः होऊन माझी घरातली चप्पल वेगळी केली आणि तिला नावं ठेवू दिली नाहीत, याचं मला फार अप्रूप आहे. देवघरात मात्र मी चप्पल काढते आणि खुर्चीवर बसते. खाली मांडी घालून उठताना सगळा भार चवड्यावर येतो, म्हणून जमिनीवर कापड पसरून कटिंग करणं बंद झालं. टेबल करून घेतलं. पायमशीनला मोटर बसवली. मोटरचाही दट्ट्या पायानेच दाबायचा असतो, तो डाव्या पायाने दाबायला शिकले. सरळ शिलाई जमते. पायपिंग लावताना गळ्याच्या वळणावर मशीन अगदी हळू, एकेक टाका घेत न्यायचं असतं, तिथं डावा पाय चुकतो आणि टाका पुढे धावतो. बारीक कामाची गिऱ्हाइकं मी आता स्वतःच दुसरीकडे पाठवते.

रात्रीच्या आगीसाठी नसांच्या गोळ्या आहेत. त्या घेतल्या की सकाळी डोकं जड असतं. न घेतल्या तर चादरीचा स्पर्शही नको होतो. हे बाहेरून दिसत नाही. लंगडणं दिसतं, तेही सकाळच्या वेळी कमी असतं, म्हणून ‘आता बरी दिसतेस’ असं लोक म्हणतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ४० टक्क्यांची अट आहे. सांधा किती हलतो, स्नायूत जोर किती आहे हे तिथं मोजतात, आणि माझं माप त्याच्या खाली भरलं. भरती होऊन शस्त्रक्रिया केली तर सरकारी योजनांचा आधार मिळू शकतो, पण बाहेर काढलेला फोटो, चप्पल, गोळ्या आणि बुडालेलं काम यांचा खर्च कोणत्याच योजनेत बसत नाही. हातावर पोट असणाऱ्या माणसाला आजारपणाची रजा नसते.

माझी इजा विरळ आहे असं म्हणून हे पत्र बाजूला ठेवलं जाईल, याची मला भीती आहे. म्हणून मधुमेहाच्या पायाबद्दलही लिहिते. मिरजेच्या त्याच व्हरांड्यात माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांचं पाऊल लाल, गरम आणि दुप्पट सुजलेलं होतं आणि त्यांना दुखत जवळजवळ नव्हतं. बरेच दिवस जंतुसंसर्ग म्हणून त्यांना अँटिबायोटिक चालू होती. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की पायाची हाडं आतल्या आत मोडतात, झिजतात आणि पेशंट त्याच पायावर चालत राहतो. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६८ साली, मधुमेह नव्हे तर मज्जारज्जूच्या आजारात, सांध्यांची अशी नासाडी नोंदवली. आज ती सर्वांत जास्त मधुमेहींत दिसते. सुरुवातीला फोटो साफ येऊ शकतो. जंतुसंसर्ग, मुरगळणं, युरिक ॲसिड, अशीच चुकीची निदानं तिथंही होतात. वेळेत ओळखलं तर प्लास्टर घालून पायावरचा भार काढणं हा मुख्य उपाय आहे. उशीर झाला तर पाऊल वेडंवाकडं होतं, जखमा होतात आणि कधी पाय कापावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. हा आजार विरळ म्हणून सोडता येणार नाही.

माझ्या तक्रारी थोडक्यात मांडते.

भार देऊन फोटो न काढता ‘फ्रॅक्चर नाही’ म्हटलं गेलं, आणि फ्रॅक्चर नाही याचा अर्थ काही झालेलं नाही असा लावला गेला. बंध फोटोत दिसत नाहीत, हे पेशंटला माहीत नसतं. डॉक्टरांना असतं.

त्या फोटोचा रेडिओलॉजिस्टचा लेखी अहवाल नव्हता. रात्री नव्हताच, सकाळीही झाला नाही. फोटो एकाच माणसाने, एकदाच, घाईत पाहिला.

परत आलेल्या पेशंटची पहिल्यापासून तपासणी झाली नाही. प्रत्येकाने आधीच्या पानावरचं निदान खरं धरून त्यापुढे गोळी लिहिली. मी सर्वांत जास्त बोलते आहे ती याबद्दल. पहिली चूक रात्रीच्या गर्दीत कोणाच्याही हातून होऊ शकते. पण सूज उतरत नाही, पाऊल टेकत नाही, पेशंट पुन्हा दारात उभी आहे, हे सगळं पाहूनही निदानावर शंका न घेता पेशंटवर शंका घेतली गेली. तिला सहन होत नाही, तिचं वजन जास्त आहे, तिचं वय झालंय, तिच्या घरात काहीतरी आहे. बाईमाणसाच्या बाबतीत हे फार पटकन होतं. माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या बायकांना विचारा, प्रत्येकीकडे अशी एक तरी गोष्ट आहे.

आणि कागद. मी पहिल्या रात्रीचे फोटो मागितले तेव्हा ते संगणकावर राहिलेले नाहीत असं सांगण्यात आलं. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की भरती झालेल्या पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. मी भरती नव्हते, ओपीडीची पेशंट होते, एवढं कारण पुढे करून हात झटकले गेले. ओपीडीतून घरी पाठवलेल्या माणसाचंच निदान हुकतं. त्याचा फोटो मग कोण जपणार?

आता मागण्या. यातल्या बहुतेक गोष्टींना नवं मशीन, नवी इमारत किंवा नवा कायदा लागत नाही.

पावलाच्या मधोमध सूज असेल आणि पेशंटला टेकता येत नसेल, तर दोन्ही पायांचा उभं राहून फोटो काढा. त्या दिवशी दुखण्यामुळे उभं राहता येत नसेल तर मुरगळलंय असं लिहून मोकळे होऊ नका. पायाला आधार द्या, भार देऊ नका असं सांगा आणि दहा-चौदा दिवसांनी उभं करून पुन्हा फोटो काढा. शंका राहिली तर सिटी स्कॅनला पाठवा. तळवा बघा. पेशंटचा पाय उचलून खालून बघायला अर्धं मिनिट लागतं.

मधुमेही माणसाचा एक पाय गरम आणि सुजलेला असेल तर फोटो साफ आला म्हणून त्याला चालत घरी पाठवू नका. निदान पक्कं होईपर्यंत त्या पायावरचा भार काढा.

घरी पाठवताना मराठीत लिहिलेला कागद हातात द्या. इतक्या दिवसांत पाय टेकता आला नाही, तळव्याला काळंनिळं दिसलं, बधिरपणा आला, तर लगेच परत या, असं त्यावर स्पष्ट असू द्या. तोंडी सांगितलेलं दुखण्याच्या भरात लक्षात राहत नाही आणि सोबतच्या माणसाला ऐकूही येत नाही.

त्याच दुखण्यासाठी पेशंट पुन्हा आला तर पहिलं पान उघडा, दुखापत कशी झाली ते पुन्हा विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. दुसरं मत घेण्याचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. तो बजावणाऱ्या पेशंटला ‘डॉक्टर बदलत फिरते’ असं ऐकवू नका.

कॅज्युअल्टीत काढलेल्या प्रत्येक फोटोचा लेखी अहवाल दोन-तीन दिवसांत होऊ द्या आणि अहवालात काही वेगळं निघालं तर पेशंटला फोन करा. नंबर केस पेपरवर असतोच. फोटोची प्रत, फिल्म असो वा मोबाइलवर, न मागता द्या. ओपीडीचे कागदही तीन वर्षं जपा.

मला उत्तर पाठवणाऱ्या रुग्णालयाकडे एकच मागणी आहे. माझ्या पत्राला दिलेल्या उत्तरातलं तिसरं वाक्य लेखी मागे घ्या. शिक्के असलेल्या केस पेपरांच्या झेरॉक्स मी रजिस्टर पोस्टाने पाठवल्या आहेत.

अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनांना माझी विनंती आहे. तुमची दरवर्षी अधिवेशनं होतात. त्यात तालुक्याच्या ठिकाणी रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी पावलाच्या दुखापतींवर एक सत्र ठेवा आणि ते मराठीत ठेवा. उभं राहून काढायचा फोटो कसा काढायचा हे एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञांनाही त्यात शिकवा, कारण पेशंटला उभं किंवा आडवं तेच करतात.

त्या सत्रासाठी माझे सगळे कागद मी द्यायला तयार आहे. टाचेचा फोटो, मिरजेला उभं राहून काढलेला फोटो, सिटी स्कॅन, शस्त्रक्रियेनंतरचे स्क्रू दिसणारे फोटो आणि प्रत्येक तारखेचे केस पेपर. माझं, डॉक्टरांचं आणि रुग्णालयांचं नाव झाकून ते शिकवायला वापरा. लेखी संमती मी आधीच करून ठेवली आहे. कोणाला, कुठं द्यायची ते कळवा.

आपली,
शिवणकाम करणारी एक रुग्ण
जि. सांगली